रेसिंग चालकांचे करार, पगार आणि संघबदलाच्या अफवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत दिवाणी वकिली करतो. युरोपातल्या बहुतेक फॉर्म्युला वन शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात आणि त्या वेळी विश्रामबागेतल्या एका मित्राच्या दिवाणखान्यात भडंगाच्या परातीभोवती आमची बैठक जमते. शर्यतीतले टायर आणि पिटस्टॉप मला इतरांइतकेच कळतात, म्हणजे बेताचेच. परंतु करार, मुदत, नुकसानभरपाई हे शब्द आले की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. गेल्या काही हंगामांत तेच ते प्रश्न इतक्या वेळा विचारले गेले की उत्तरे एकदा लिहून ठेवणे सोयीचे वाटले.

करार चालू असताना चालक मध्येच संघ कसा सोडू शकतो?

बहुतेक वेळा करारातच तशी वाट ठेवलेली असते. लुईस हॅमिल्टनने ऑगस्ट २०२३ मध्ये मर्सिडीजबरोबर २०२५ अखेरपर्यंतचा करार जाहीर केला आणि त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, १ फेब्रुवारी २०२४ रोजी, २०२५ पासून आपण फेरारीत जात असल्याचे सांगितले. आमच्या बैठकीत त्या आठवड्यात ‘विश्वासघात’ हा शब्द बराच वापरला गेला. प्रत्यक्षात हॅमिल्टनने करारातील मुक्त होण्याचे कलम वापरले, असे मर्सिडीजनेच आपल्या निवेदनात स्पष्ट लिहिले होते. बातम्यांत दोन वर्षांचा म्हणून छापलेला करार वस्तुतः एक अधिक एक असा होता. पहिल्या वर्षानंतरचे दार कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाच्या हाताने उघडते, एवढेच बाहेरच्यांना ठाऊक नव्हते.

असे कलम तीन प्रकारांनी लिहिले जाते. पहिल्या प्रकारात ठराविक तारखेपर्यंत लेखी कळवले की चालक मोकळा होतो. दुसऱ्या प्रकारात कामगिरीची अट असते: अमुक शर्यतीपर्यंत चालक गुणतक्त्यात ठराविक क्रमांकाच्या खाली राहिला, तर त्याला किंवा संघाला करार संपवता येतो. तिसऱ्यात नुसती रक्कम असते. ती मोजा आणि जा. वाचकांनी ‘२०२८ पर्यंत करार’ असा मथळा वाचताना ही तीन कलमे त्या कागदात असू शकतात हे गृहीत धरावे. मॅक्स व्हेर्स्टापेनचा रेड बुलबरोबरचा २०२८ अखेरपर्यंतचा करार २०२२ मध्येच झाला, तरीही दर उन्हाळ्यात त्याच्या जाण्याची चर्चा होत राहिली, ती याच शक्यतेमुळे.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. जाणे जाहीर झाले म्हणजे जाणे घडले असे नव्हे. हॅमिल्टनने संपूर्ण २०२४ चा हंगाम मर्सिडीजसाठीच चालवला आणि सिल्व्हरस्टोन व बेल्जियमच्या शर्यती त्या संघाला मिळवून दिल्या. करार साधारणपणे ३१ डिसेंबरला संपतो. म्हणूनच कार्लोस साइन्झला डिसेंबर २०२४ मध्ये अबू धाबीत विल्यम्सची गाडी चालवता आली ती फेरारीने आधी मोकळीक दिली म्हणून, आणि हॅमिल्टन मात्र फेरारीच्या गाडीत पहिल्यांदा बसला तो जानेवारी २०२५ मध्ये, फियोरानोच्या ट्रॅकवर.

एकाच चालकावर दोन संघांनी हक्क सांगितला तर निवाडा कोण करतो?

फॉर्म्युला वनमध्ये यासाठी करार मान्यता मंडळ आहे. त्याचे काम जिनिव्हातून चालते आणि त्यावर वकील मंडळी बसतात. या मंडळाचा जन्म एका भांडणातून झाला. ऑगस्ट १९९१ मध्ये जॉर्डन संघाचा चालक बर्ट्रांड गाशो लंडनमध्ये एका टॅक्सीचालकाच्या तोंडावर अश्रुधुराचा फवारा मारल्याच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला आणि त्याच्या जागी बेल्जियममध्ये मायकेल शूमाकर नावाचा नवखा मुलगा गाडीत बसला. पुढची शर्यत इटलीत मोंझाला होती. तोपर्यंत तो बेनेटन संघाचा झालेला होता. जॉर्डनने न्यायालयात धाव घेतली, परंतु त्याचा उपयोग झाला नाही. असे पुन्हा होऊ नये म्हणून पुढच्याच वर्षी हे मंडळ स्थापन झाले.

आपल्या भागातल्या वाचकांना हा वाद परका वाटू नये. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी मुकादम टोळीच्या नावावर उचल घेतो आणि कधी कधी एकच टोळी दोन वाहनमालकांची उचल घेऊन बसते. गाळप सुरू होण्याच्या तोंडावर दोघेही टोळीच्या झोपड्यांपुढे ट्रॅक्टर घेऊन उभे राहतात. मग पहिला प्रश्न हाच येतो की कोणाचा कागद आधीचा आणि कोणाचा पुरा. मी अशा प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे. वाहनमालक छातीवर हात ठेवून सांगतो की ‘सगळं ठरलं होतं’. कागद मागितला की वहीच्या पानावर रक्कम आणि एक अंगठा एवढेच निघते, आणि तारीख बहुधा नसतेच.

ऑस्कर पियास्त्रीचे प्रकरण नेमके याच जातीचे होते. १ ऑगस्ट २०२२ रोजी फर्नांडो अलोन्सोने अल्पीन सोडून ॲस्टन मार्टिनमध्ये जात असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी अल्पीनने आपला राखीव चालक पियास्त्री २०२३ साठी त्याच्या जागी येणार असे निवेदन काढले. निवेदनात पियास्त्रीच्या तोंडचे एकही वाक्य नव्हते, हे ज्यांनी बारकाईने वाचले त्यांना तिथेच शंका आली. काही तासांत त्याने स्वतः सांगितले की हे निवेदन आपल्या संमतीविना निघाले आहे, आपण अल्पीनबरोबर पुढील वर्षाचा करार केलेला नाही आणि पुढील वर्षी त्यांच्यासाठी गाडी चालवणार नाही. प्रकरण मंडळाकडे गेले, ऑगस्टच्या अखेरीस सुनावणी झाली आणि २ सप्टेंबरला निकाल आला: मंडळाला मान्य असलेला एकमेव करार मॅक्लारेनचा होता, तारीख ४ जुलै २०२२. अल्पीनने त्या मुलाच्या तयारीवर आणि सरावावर बराच पैसा खर्च केला होता, यात शंका नाही. पण त्यांच्या हातात अटींचा प्राथमिक कागद होता, पुरा झालेला करार नव्हता. ज्याने वाढवले त्याचा हक्क, ही भावना आपल्याला समजते. मंडळापुढे तिचे मोल शून्य ठरले, आणि एक वकील म्हणून मला तो निकाल योग्यच वाटतो.

त्याआधी २००४ मध्ये जेन्सन बटनच्या प्रकरणात याच मंडळाने उलट बाजूने निकाल दिला होता: तो विल्यम्सकडे जायला निघाला होता, पण बीएआर संघाचा करार वैध ठरला आणि त्याला तिथेच राहावे लागले. गंमत अशी की वर्षभराने जेव्हा विल्यम्सकडे जाण्याची पाळी खरोखर आली, तेव्हा त्याचे मन बदललेले होते आणि त्याने पैसे मोजून स्वतःला विल्यम्सपासून सोडवून घेतले.

न्यायालय चालकाला जबरदस्तीने एखाद्या संघासाठी गाडी चालवायला लावू शकते का?

नाही, आणि हा नियम फार जुना आहे. १८५२ मध्ये इंग्लंडमध्ये योहाना वाग्नर या गायिकेने एका नाट्यगृहाशी करार करून दुसरीकडे गाण्याचे ठरवले, तेव्हा न्यायालयाने सांगितले की आम्ही तिला इथे गायला भाग पाडू शकत नाही, पण तिथे गाण्यापासून रोखू शकतो. आपल्याकडचा विनिर्दिष्ट अनुतोष कायदाही वैयक्तिक कौशल्यावर अवलंबून असलेली सेवा बळाने करून घेऊ देत नाही. चालकाच्या बाबतीत तर हे उघडच आहे: ताशी ३०० किलोमीटरने जाणारी गाडी मनाविरुद्ध चालवणारा माणूस कोणाला हवा असेल?

म्हणून अशा वादाचा शेवट पैशांत होतो. अमेरिकेतल्या इंडीकार मालिकेत ॲलेक्स पालोच्या बाबतीत हेच दिसले. जुलै २०२२ मध्ये चिप गनासी संघाने त्याचा करार वाढवल्याचे जाहीर केले. त्याच रात्री पालोने ते नाकारले आणि मॅक्लारेनने तो आपला असल्याचे सांगितले. पुढच्या वर्षी पालो पुन्हा फिरला आणि गनासीकडेच राहिला. इंडीकारला फॉर्म्युला वनचे मंडळ लागू नाही, त्यामुळे मॅक्लारेनने लंडनच्या न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला. दावा चालू असताना पालो गनासीच्याच गाडीत अजिंक्यपदे जिंकत राहिला.

उलट बाजूचा प्रसंग याहून विलक्षण आहे. गीडो व्हान डेर गार्ड या डच चालकाकडे २०१५ च्या हंगामासाठी साउबर संघाचा करार होता, पण संघाने पैसे घेऊन येणारे दुसरे दोन चालक घेतले. स्वित्झर्लंडमधील लवादाचा निवाडा त्याच्या बाजूने होता. तो घेऊन तो मार्च २०१५ मध्ये हंगामाच्या पहिल्याच शर्यतीच्या आठवड्यात मेलबर्नच्या न्यायालयात उभा राहिला आणि जिंकला. संघाचे अपीलही फेटाळले गेले. शुक्रवारी सकाळी तो दुसऱ्या चालकाचा पोशाख अंगावर चढवून साउबरच्या गॅरेजमध्ये हजर झाला. त्याच्या मापाचे आसन तयार नव्हते, परवान्याचे काम अपुरे होते, आणि बेलीफकडून संघाची मालमत्ता जप्त होण्याची भीती होती. पहिल्या सरावात साउबरची एकही गाडी बाहेर पडली नाही. अखेर त्याने पैसे घेतले आणि हक्क सोडला. रक्कम सुमारे दीड कोटी युरो होती असे त्या वेळी छापून आले. हुकूमनामा हाती असणे आणि ताबा मिळणे यांत किती अंतर असते, हे आपल्याकडे जमिनीचे दावे लढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

‘पर्याय’ आणि ‘पहिला हक्क’ यांत फरक काय?

पर्याय म्हणजे संघाने किंवा चालकाने ठराविक तारखेपर्यंत कळवले तर करार आपोआप पुढच्या वर्षी चालू राहतो. तारीख हुकली की तो पर्याय संपला. पहिला हक्क म्हणजे करार संपल्यावरही दुसऱ्या कोणी देऊ केलेल्या रकमेइतकी रक्कम देऊन चालकाला आपल्याकडे ठेवण्याची मुभा. हा दुसरा प्रकार भारतात टिकत नाही. क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याचे जाहिरातींचे काम पाहणारी कंपनी यांच्या खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की करार संपल्यानंतरही लागू होणारे असे बंधन भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार निरर्थक आहे. त्यामुळे एखाद्या भारतीय चालकाच्या कागदात असे कलम दिसले तर त्याला घाबरण्याचे कारण नाही. मात्र कराराला इंग्लंडचा किंवा स्वित्झर्लंडचा कायदा लागू केलेला आहे का, हे आधी पाहावे.

चालकांचा खरा पगार किती असतो?

आटपाडी तालुक्यात खरसुंडीला खिलार जनावरांचा बाजार भरतो. तिथे सौदा रुमालाखाली होतो. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात रुमालाने झाकतात, बोटे दाबली जातात, कोणी मान हलवतो, कोणी हात झटकून घेतो. आणि भोवती उभ्या असलेल्या वीस माणसांना भाव कळत नाही, पण वीसही जण तो छातीठोकपणे सांगतात. चालकांच्या पगाराच्या याद्या मला नेहमी त्या वीस माणसांची आठवण करून देतात.

संघ आणि चालक यांचे करार गोपनीय असतात. दरवर्षी फिरणारे आकडे नियतकालिकांनी काढलेले अंदाज असतात. त्यांतला बऱ्यापैकी विश्वासार्ह म्हणजे फोर्ब्सचा. त्यांच्या हिशेबाने २०२४ मध्ये व्हेर्स्टापेनची कमाई पगार आणि बोनस मिळून सुमारे साडेसात कोटी डॉलर होती आणि हॅमिल्टनची सुमारे पाच कोटी सत्तर लाख. यादीच्या तळाशी असलेल्या नवख्यांना याचा फारच लहान अंश मिळतो. अचूक आकडा पाहिजे असेल तर एकच मार्ग असतो: भांडण न्यायालयात जाण्याची वाट पाहणे.

पगाराखेरीज करारात काय असते हे जास्त रंजक आहे. हेल्मेटवरची आणि पोशाखावरची किती जागा चालकाने स्वतःच्या प्रायोजकाला विकायची, पुरस्कर्त्यांच्या कार्यक्रमांना वर्षात किती दिवस द्यायचे, सिम्युलेटरवर किती दिवस बसायचे, दुखापत झाली तर किती शर्यतींपर्यंत पगार चालू राहील, या सगळ्यांवर वकिलांची घासाघीस होते. धोकादायक छंदांवर बंदी हेही नेहमीचे कलम आहे. रॉबर्ट कुबिकाला त्याच्या संघाने रॅली चालवण्याची मुभा दिली होती; फेब्रुवारी २०११ मध्ये इटलीतल्या एका छोट्या रॅलीत त्याच्या उजव्या हाताला भयंकर इजा झाली आणि फॉर्म्युला वनच्या शर्यतीत परतायला त्याला २०१९ उजाडले. त्यानंतर त्या कलमावर सही करताना कोणी हसत नाही.

गुणांवर बोनस देण्याची पद्धत कशी चालते? आणि तो थकला तर?

किमी राइकोनेन २०१२ मध्ये लोटस संघात आला, तेव्हा त्याचा मूळ पगार बेताचा ठेवून प्रत्येक गुणामागे रक्कम ठरवली होती. बातम्यांत आलेला आकडा गुणामागे ५०,००० युरो असा होता. संघाला वाटले असेल की दोन वर्षे रॅलीत घालवून आलेला माणूस किती गुण मिळवणार? त्याने त्या वर्षी २०७ गुण मिळवले. आकडा खरा धरला तर हा हिशेब एक कोटी युरोंच्या वर जातो. पुढच्या वर्षी अबू धाबीच्या शर्यतीच्या वेळी त्याने उघड सांगितले की वर्षभरात आपल्याला एक युरोही मिळालेला नाही. शेवटच्या दोन शर्यती त्याने पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी सोडल्या आणि तो फेरारीत गेला.

ऊस घालून बिलासाठी महिनोन्‌महिने वाट पाहिलेल्या वाचकांना यात नवीन काही दिसणार नाही. फरक एवढाच की राइकोनेनच्या हातात एक मार्ग होता: थकबाकी ठराविक दिवसांपलीकडे गेली तर तो कराराचा भंग ठरतो आणि चालक मोकळा होतो, अशी तरतूद चांगला वकील आधीच घालून ठेवतो. कागद वाचताना पगाराचा आकडा सगळेच पाहतात. मी माझ्या पक्षकारांना आधी थकबाकीचे कलम शोधायला सांगतो.

संघांवर खर्चाची मर्यादा आहे, मग इतके पगार कसे परवडतात?

२०२१ पासून फॉर्म्युला वनच्या संघांवर खर्चाची मर्यादा आहे. पहिल्या वर्षी ती १४.५ कोटी डॉलर होती. चालकांचे पगार या मर्यादेत धरलेच जात नाहीत, तसेच संघातील सर्वाधिक पगाराच्या तीन व्यक्तींचेही नाहीत.

शर्यत जिंकल्यावर बक्षिसाची रक्कम चालकाला मिळते का?

आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत पहिल्या क्रमांकाला थार गाडी लागली की ती गाडामालकाची होते, बैल पळवणाऱ्याची नाही. त्याला काय द्यायचे ते मालक ठरवतो. इथेही तसेच आहे. फॉर्म्युला वनच्या उत्पन्नातील वाटा संघांना, त्यांच्या वर्षअखेरच्या क्रमांकानुसार दिला जातो. चालकाला त्याच्या करारात लिहिलेला बोनस मिळतो, आणि लिहिला नसेल तर चषक मिळतो.

पैसे भरून जागा मिळते, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. निकी लाउडाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घरच्यांचा विरोध असताना आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवून बँकेचे कर्ज काढले आणि मार्च संघात जागा विकत घेतली. पुढे त्याने तीन जगज्जेतेपदे मिळवली. पास्टर माल्डोनाडोमागे व्हेनेझुएलाची सरकारी तेल कंपनी होती आणि त्याची टिंगलही भरपूर झाली, पण २०१२ मध्ये स्पेनची शर्यत त्याने विल्यम्सला जिंकून दिली.

भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघात गेला, त्यामागे टाटांचे पाठबळ होते. त्या वर्षी अमेरिकेच्या शर्यतीत टायरच्या वादामुळे सहाच गाड्या धावल्या आणि तो चौथा आला. पाच गुण मिळाले. सहातला चौथा म्हणून हसणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की गुणतक्त्यात तो पाचाचा आकडा आजही आहे.

धोका निराळाच असतो. प्रायोजकामुळे मिळालेली जागा प्रायोजकाबरोबर जाते. निकिता माझेपिन २०२१ मध्ये हास संघात आला तो उराल्काली या रशियन खत कंपनीच्या पैशासह. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये संघाने कंपनी आणि चालक या दोघांचेही करार एकाच दिवशी संपवले.

आणि नुसते पैसे पुरत नाहीत. मॅक्स व्हेर्स्टापेन सतराव्या वर्षी शर्यतीत उतरल्यानंतर सुपर लायसन्सचे, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवण्याच्या परवान्याचे, नियम कडक झाले. आता तीन वर्षांत खालच्या मालिकांतून ४० गुण मिळवावे लागतात आणि किमान वय सर्वसाधारणपणे १८ वर्षे आहे.

करार वाढवल्याचे जाहीर करून संघ सहा महिन्यांत चालकाला काढतो, हे कायदेशीर आहे का?

पैसे दिले तर आहे. सर्जिओ पेरेझचा करार रेड बुलने जून २०२४ मध्ये वाढवला आणि डिसेंबरमध्ये त्याला निरोप दिला. त्याच्या जागी आलेला लियाम लॉसन २०२५ च्या दोनच शर्यतींनंतर रेड बुलच्याच धाकट्या संघात परत गेला आणि युकी त्सुनोडा आला. डॅनियल रिकार्डोचा मॅक्लारेनचा करार २०२३ पर्यंत होता. तो एक वर्ष आधी संपला आणि त्या जागी वर सांगितलेला पियास्त्री बसला.

अशा प्रत्येक निवेदनात ‘परस्पर संमतीने’ हे शब्द असतात. घटस्फोटाच्या अर्जांत तेच शब्द मी वर्षानुवर्षे टंकत आलो आहे आणि त्यामागे कोणी किती दिवस भांडले, कोणी किती रक्कम मागितली आणि कितीवर तडजोड झाली, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

संघबदलाची अफवा खरी की खोटी, हे कसे ओळखावे?

सर्वप्रथम, अफवेत नाव असलेल्या चालकाची नव्हे, त्या जागेची चौकशी करावी. जागा रिकामी आहे का, तिच्यावर बसलेल्याचा करार कधी संपतो, आणि तो उठला तर कुठे जाईल? बदल साखळीने होतात. हॅमिल्टन फेरारीत गेला तेव्हा साइन्झ उठला, साइन्झला विल्यम्समध्ये पोचायला जुलैची अखेर झाली, आणि मर्सिडीजने नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेल्या अँड्रिया किमी अँटोनेलीचे नाव ऑगस्टअखेर मोंझाला जाहीर केले. ज्या अफवेत चौथी कडी सांगता येत नाही ती मी बाजूला ठेवतो.

मग ही बातमी फिरल्याने कोणाची किंमत वाढते ते पाहावे. करार संपत आलेल्या चालकाचा व्यवस्थापक दुसऱ्या संघाच्या ट्रकमधून बाहेर पडताना छायाचित्रकाराला दिसतो, तो बहुधा दिसावा म्हणूनच दिसतो. लग्नाच्या बोलणीत ‘अजून एक स्थळ सांगून आलंय’ असे मुद्दाम कानावर घातले जाते, तसाच हा प्रकार आहे.

नकाराचे शब्द मात्र कान देऊन ऐकावेत. ‘माझा करार आहे’ हे वाक्य काहीच सांगत नाही. वर पाहिल्याप्रमाणे करार असतो आणि त्यात दारही असते. ‘पुढच्या वर्षी मी इथेच चालवणार’ हे वाक्य वजनदार आहे. व्हेर्स्टापेनबद्दलची मर्सिडीजची चर्चा जुलै २०२५ मध्ये हंगेरीत थांबली, कारण त्याने २०२६ मध्ये रेड बुलमध्येच राहणार असे स्पष्ट शब्दांत सांगितले. संघप्रमुखाच्या आत्मविश्वासाला तर फारच कमी किंमत द्यावी. अलोन्सो जाणार हे अल्पीनच्या प्रमुखाला दुसऱ्या संघाच्या प्रसिद्धिपत्रकावरून कळले, असे त्याने स्वतःच सांगितले.

हे सगळे लावूनही चूक होतेच. हॅमिल्टन फेरारीत जाणार ही कुजबुज सुरू झाल्यावर आमच्या बैठकीत मी ती ठामपणे उडवून लावली होती. त्याचे भडंग मी आजही आणतो.

संघ सोडलेल्या अभियंत्यांना लगेच नव्या संघात का घेत नाहीत?

चालकाच्या डोक्यात त्याचे कौशल्य असते, अभियंत्याच्या डोक्यात पुढच्या वर्षीची गाडी असते. म्हणून त्याच्या करारात पगारी पण सक्तीच्या रजेचे महिने लिहिलेले असतात. ॲड्रियन न्यूवे रेड बुल सोडणार हे मे २०२४ मध्ये जाहीर झाले आणि ॲस्टन मार्टिनमध्ये तो मार्च २०२५ मध्ये रुजू झाला.

मोटोजीपीतही असेच चालते का?

चालते, आणि मोटारसायकलींच्या त्या शर्यतींत दुखापती जास्त असल्याने कामगिरीच्या अटी अधिक बोचतात. होर्गे मार्टिनने २०२४ चे जगज्जेतेपद मिळवले, पण डुकाटीने मुख्य संघातली जागा मार्क मार्केझला दिली होती, म्हणून तो एप्रिलियात गेला. त्याच्या करारात पहिल्या काही शर्यतींनंतर क्रमांक पुरेसा वर नसेल तर बाहेर पडण्याची मुभा होती. प्रत्यक्षात तो सरावातच जखमी झाला, कतारमध्ये पुन्हा पडून त्याच्या बऱ्याच बरगड्या मोडल्या, आणि शर्यतीच झाल्या नाहीत तर अट पुरी झाली असे म्हणायचे का, हा प्रश्न उभा राहिला. एप्रिलियाचे म्हणणे होते की गाडी तपासून पाहण्याची संधीच न मिळालेल्या माणसाला ती मुभा मिळत नाही. प्रकरण न्यायालयाच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि जुलै २०२५ मध्ये तो राहणार असे ठरले. माझ्या मते चूक कलम लिहिणाऱ्याची होती. ‘जखमी असल्यास मुदत पुढे जाईल’ किंवा ‘जाणार नाही’, यांपैकी एक ओळ पुरली असती.

मार्केझने मात्र वेगळी वाट धरली. होंडाबरोबरचा करार २०२४ पर्यंत असताना त्याने तो वर्षभर आधी सोडला, त्याबरोबर मोठा पगारही सोडला, आणि ग्रेसिनी या छोट्या संघात जुन्या डुकाटीवर बसला. २०२५ मध्ये तो पुन्हा जगज्जेता झाला.

माझा मुलगा कार्टिंग करतो. एका व्यवस्थापकाने करार पाठवला आहे. सही करावी का?

हा प्रश्न मला अलीकडे दोनदा आला. कोल्हापूरला चांगला कार्टिंग ट्रॅक असल्याने आपल्याकडची मुलेही लवकर सुरुवात करतात, आणि मुलगा दोन-चार चषक घेऊन आला की कोणीतरी टक्केवारीचा कागद घेऊन येतो.

पहिली गोष्ट, अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार भारतात मुळातच निरर्थक असतो. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबीच्या खटल्यात हे ठरवले आणि ते आजही तसेच आहे. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणून त्यात जीव येत नाही. हे व्यवस्थापकालाही माहीत असते, म्हणून खरा करार मुलाशी नसतोच. तो वडिलांशी असतो.

मिरजेचे एक गृहस्थ असाच अकरा पानी कागद घेऊन आले होते. वरच्या दहा पानांवर मुलाचे नाव, मुलाचे भविष्य, परदेशातील चाचण्या आणि उत्पन्नातील वीस टक्के वाटा होता. अकराव्या पानावर एका ओळीत वडील ‘हमीदार’ होते आणि मुलाने पंचविसाव्या वर्षापर्यंत करार मोडल्यास व्यवस्थापकाने केलेला ‘सर्व खर्च’ त्यांनी भरून द्यायचा होता. खर्चाची व्याख्या कुठेच नव्हती. मुलगा तेरा वर्षांचा होता आणि माझ्या टेबलावरच्या पेपरवेटने ओव्हरटेक करत होता.

मी त्यांना तीन दुरुस्त्या लिहून दिल्या: मुदत दोन वर्षे, खर्च फक्त वडिलांनी आधी लेखी मान्य केलेला, आणि हमीची कमाल रक्कम आकड्यात व अक्षरात. कागद तीन आठवड्यांनी परत आला. पहिल्या दोन मान्य झाल्या होत्या. तिसरीसमोर जागा कोरी सोडली होती. ती भरून येईपर्यंत सही करू नका, असे मी त्यांना सांगितले आहे.